धुक्यातली एकतीस माणसं

(मासिक बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय.)



मागच्या बैठकीत एक प्रश्न निघाला होता. माणूस चुकून बंद सरहद्दीच्या पलीकडे गेला, आणि पलीकडचं सरकार म्हणालं, राहा इथंच, घर देतो, काम देतो, नवं आयुष्य देतो. तर त्यानं काय करावं? त्यावर तासभर भांडण झालं. निम्मे म्हणाले राहावं, इथं काय पुरून ठेवलंय? उरलेले म्हणाले ही गद्दारी. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. तू गोदीत असतोस, जहाजं बघतोस, तू बोल. मी मॅट्रिक झालेला माणूस. पाळी संपल्यावर जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं. शाळामास्तरासारखा क्रमानं बोलणार नाही, पण जे बोलेन ते खरं बोलेन.

सरहद्द म्हटलं की आपल्याला काटेरी तार दिसते. सिनेमानं तेवढंच शिकवलं. पाण्यात तार नसते. पाण्यात काहीच नसतं. आमच्या गोदीत परदेशी जहाज लागतं, खलाशी धक्क्यावर उतरून बिडी ओढतो, गेट त्याच्यापासून पन्नास पावलांवर. पण हातात पास नसेल तर गेटबाहेरच्या टपरीवर चहा प्यायला तो येऊ शकत नाही. जमीन आपली, पाय त्याचा, आणि मधे एक कागद. सरहद्द म्हणजे हेच. जिथं तार लावता येत नाही तिथं ती कागदावर असते, आणि कागद ज्याच्या खिशात त्याचं राज्य.

मी जे प्रकरण सांगणार आहे ते कोरियाचं आहे. लांबचं वाटेल. ऐका तर खरं.

कोरियात १९५० ते १९५३ युद्ध झालं. एका देशाचे दोन तुकडे. २७ जुलै १९५३ ला लढाई थांबवायचा करार झाला. युद्ध संपवायचा करार नव्हे, फक्त थांबवायचा. तो आजपर्यंत तसाच लटकलेला आहे. जमिनीवर रेषा ठरली, तिच्या दोन्ही बाजूंना दोन दोन किलोमीटरचा पट्टा मोकळा ठेवला. समुद्रात रेषा कुठं? करारात लिहिलंच नाही. मग ऑगस्ट १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचा अमेरिकन सेनापती मार्क क्लार्क यानं एकट्यानं एक रेषा ओढली. उत्तरेला विचारलं नाही. उत्तरेनं ती रेषा मानली नाही. आणि त्या न मानलेल्या रेषेच्या दोन्ही अंगाला कोळी मासे मारतात, खेकडे पकडतात, बायका चिखलात तिसऱ्या वेचतात. सेनापतीनं नकाशावर हात चालवला, आणि सत्तर वर्षं होऊन गेली तरी तिथल्या माणसाला आपलं जाळं कुठं टाकायचं ते कळत नाही.

त्या पाण्यात येओनप्योंग नावाचं बेट आहे. ताबा दक्षिणेचा, पण उत्तरेचा किनारा तिथून जेमतेम बारा किलोमीटर. २३ नोव्हेंबर २०१० ला उत्तरेनं या बेटावर तोफा डागल्या. चार माणसं मेली. दोन सैनिक आणि दोन बांधकामावरचे कामगार. तोफगोळा कुणाला शोधत येतो ते बघा.

या तोफांचा धूर विरून अडीच महिने होत नाहीत तोच, ५ फेब्रुवारी २०११ ला, दाट धुक्यात एक लाकडी बोट त्या रेषेच्या दक्षिणेला आली. बोटीत एकतीस माणसं. अकरा बाप्ये, वीस बाया. उत्तर कोरियाचे लोक. शिंपले गोळा करायला निघालेले. धुक्यात वाहवत आले. दक्षिणेच्या आरमारानं धरलं आणि किनाऱ्याला नेलं.

आता डोळ्यापुढे आणा. सकाळी घरातून निघालात. संध्याकाळी चूल पेटवायची आहे. पोर कुणाकडे तरी सोपवलंय. आणि दुपारी तुम्ही अशा देशात आहात की जिथं जाणं हा तुमच्या मुलखात सगळ्यांत मोठा गुन्हा, आणि जिथल्या कायद्यानं तुम्ही आधीपासूनच नागरिक! हो. दक्षिण कोरियाची घटना म्हणते की अख्खा द्वीपकल्प आमचा. म्हणजे उत्तरेतून आलेल्या माणसाला ते नागरिकत्व देत नाहीत, ते तुझंच होतं असं म्हणतात. शिंपले वेचायला गेलेल्या बाईच्या पदरात अचानक एक देश पडला.

त्यांची चौकशी झाली. फौजेची, गुप्तहेर खात्याची. हेर आहात का, मुद्दाम आलात का. आठवडे गेले. ३ मार्चला दक्षिणेनं जाहीर केलं, चार जण राहतो म्हणतात. दोन पुरुष, दोन बाया. त्यात बोटीचा तांडेलही होता. उरलेले सत्तावीस घरी जातो म्हणतात. त्यांना उद्याच परत पाठवतो.

सोपं वाटलं ना? उत्तरेनं सांगितलं, एकतीस पाठवा, नाहीतर एकही घेत नाही. चौघांना तुम्ही दमदाटी करून, लालूच दाखवून ठेवून घेतलंय. त्यांच्या बायकापोरांना आईबापांना आणतो, समोरासमोर बसवा. दक्षिण म्हणाली, समोरासमोर नाही. मग घरच्यांची पत्रं जगापुढे ठेवली गेली. परत ये, वाट बघतोय. आणि ज्यांना घरी जायचं होतं ते सत्तावीस जण या रस्सीखेचीत तीन आठवडे अधिक तिथंच बसून. शेवटी २७ मार्चला त्यांना त्यांच्याच बोटीनं पाण्यातूनच परत पाठवलं. एकतीस घेऊन आलेली बोट सत्तावीस घेऊन गेली, तांडेलाशिवाय.

मला वाचायला मिळालं त्यात सगळा मजकूर चौघांवर होता. दक्षिणेचे म्हणतात त्यांनी स्वातंत्र्य निवडलं. उत्तरेचे म्हणतात त्यांना पळवलं. सत्तावीस माणसांनी काय निवडलं, का निवडलं, याची कुणाला पडलेली नाही. ते परत गेले म्हणजे घाबरट, नाहीतर डोकं धुतलेले. आपल्या बैठकीतही एक जण हेच म्हणाला. म्हणून मी आज त्या सत्तावीसांच्या बाजूनं उभा आहे.

आधी भीतीचं बोलू, कारण भीती खोटी नाही. उत्तर कोरियात सोंगबुन नावाचा प्रकार आहे. तुमचा बाप, आजा १९४५ साली काय होता, युद्धात कुणाकडून होता, यावर तुमची पायरी ठरते. भरवशाचे, डळमळीत आणि वैरी. आजा जमीनदार होता, जपान्यांची चाकरी करत होता, युद्धात कुणी दक्षिणेला पळालं होतं, तर नातू वैरी. कॉलेज त्याच्यावर अवलंबून, नोकरी त्याच्यावर, राजधानीत राहायला मिळणं त्याच्यावर. वर्ग बुडवायला निघालेल्या राज्यानं जन्माची उतरंड रचली! आम्हाला हे कुणी समजावून सांगायला नको. जन्माला येताना कपाळावर लिहून आणल्यासारखी पायरी, आणि ती सरकारी दप्तरात. घरातला एक जण पलीकडे गेला की मागचं सगळं घर खाली घसरतं. चौकशी होते, नोकरी जाते, वस्तीतून उठवून दूर कुठं पाठवतात. म्हणजे त्या बोटीतल्या प्रत्येक माणसाचं कुणी ना कुणी किनाऱ्यावर ओलीस होतं. त्याला विचारायचं, बोल, तुला स्वातंत्र्य हवं का? साला, हा प्रश्न आहे की सुरी?

पण सगळं भीतीवर ढकलून मोकळं होऊ नका. शिकल्यासवरल्या लोकांचा एका गोष्टीवर विश्वास बसत नाही. गरिबाला त्याचं घर आवडू शकतं. पत्र्याचं असलं तरी. तिथं आई असते, थडगी असतात, लहानपणी पोहलेलं पाणी असतं, बोलीतल्या शिव्या असतात. मला कुणी चांगल्या वस्तीत खोली देतो म्हणालं आणि अट घातली की वस्तीत परत पाय ठेवायचा नाही, आईशी फोनवरसुद्धा बोलायचं नाही, तर मी त्याच्या तोंडावर किल्ली फेकीन. वस्ती काय स्वर्ग आहे म्हणून? पाण्याच्या लाईनीत उभं राहून आलोय मी, मला वस्तीच्या कविता शिकवू नका. पण अट कुणी घालायची?

माझं सगळं म्हणणं या अटीपाशी येऊन थांबतं. नवं आयुष्य देतो म्हणणारा जुनं आयुष्य किंमत म्हणून कापून घेतो. कोरियात ही किंमत दोन्ही सरकारं मिळून वसूल करतात. एक दार उघडतं, दुसरं कायमचं लागतं.

दक्षिणेत काय मिळतं तेही बघा, कारण मी फुकाची निंदा करणार नाही. चौकशी संपली की हानावोन नावाच्या केंद्रात बारा आठवडे ठेवतात. १९९९ साली सुरू झालं ते. बँकेत खातं कसं काढायचं, भुयारी गाडीत कसं चढायचं, दुकानात भाव कसा वाचायचा, शिकवतात. मग भाड्याचं घर, बस्तान बसवायला थोडे पैसे. आतापर्यंत ३४ हजारांवर लोक उत्तरेतून असे येऊन राहिले. दर चारांत जवळपास तीन बाया. त्यांतले बहुतेक चुकून आलेले नाहीत. चीनमधून, नद्या ओलांडून, दलालांना पैसे मोजून आलेले आहेत. उपाशी मरण्यापेक्षा, कोठडीपेक्षा तिथं बरं म्हणून आले, आणि पुष्कळांना तिथं बरंच लागलं. ते नाकारणं म्हणजे त्यांच्या उपासमारीला खोटं म्हणणं. मी तसलं पाप करणार नाही.

पण भाषा एक असूनही तोंड उघडलं की त्यांचा हेल कळतो. कामावर ठेवताना कळतो, लग्न जमवताना कळतो. आपल्याकडे आडनाव विचारतात तसं. २०१९ च्या जुलैअखेर सेऊल शहरात एका घरात अशी आलेली एक आई आणि तिचं सहा वर्षांचं पोर मेलेलं सापडलं. मरून बरेच दिवस झाले होते. घरात खायला जवळपास काहीच नव्हतं. उपासमारीनं मेले असावेत असं पोलिसांनाही वाटलं. उत्तरेतल्या भुकेतून सुटलेली बाई जगातल्या श्रीमंत शहरांपैकी एकात उपाशी मेली. शेजाऱ्यांना पत्ता नाही. हेही नवं आयुष्यच.

आणखी एक बाई आहे. प्याँगयांगची शिंपीण. औषधपाण्यासाठी चीनला आली, दलालानं सांगितलं दक्षिणेत जा, थोडे दिवसांत पैसे कमव आणि परत ये. २०११ साली आली. आल्याबरोबर म्हणाली मला घरी जायचंय. दक्षिणेचा कायदा म्हणतो तू आमची नागरिक, उत्तरेला जाणं गुन्हा. वर्षानुवर्षं ती परत जाण्यासाठी सभा घेत राहिली, अर्ज करत राहिली. जी दिली ती भेट असेल तर परत करता आली पाहिजे. परत करता येत नाही तिला भेट म्हणत नाहीत, वेठ म्हणतात. आपल्या बापजाद्यांना त्या शब्दाचा अर्थ चांगला माहीत होता.

आता उलटी बाजू. माणसं फक्त उत्तरेतूनच वाहवत आली असं नाही. युद्धानंतर दक्षिणेचे हजारो मच्छीमार उत्तरेनं समुद्रातून धरून नेले. काही रेषा चुकून ओलांडलेले, काही आपल्याच पाण्यातून ओढून नेलेले. तिथं त्यांना कारखाने दाखवायचे, स्मारकं दाखवायची, भाषणं ऐकवायची. बघा आमचं राज्य कामगारांचं, तिकडं काय आहे तुमचं? बहुतेकांना काही महिन्यांनी सोडलं. सगळ्यांना नाही. दक्षिणेच्या सरकारी हिशोबात आजही ५१६ माणसं उत्तरेत अडकलेली आहेत आणि त्यांतले बहुतेक मच्छीमार आहेत.

सुटून आलेल्यांचं काय झालं? वाजतगाजत आणलं असेल? १९६८ साली धरून नेलेले मच्छीमार मे १९६९ मध्ये २३ बोटी भरून परत आले. धक्क्यावर बायकापोरं उभी, आणि पोलीस उभे. सरळ उचलून आत. घरच्यांना भेटूही दिलं नाही. कारखाने बघितलेस ना? भाषण ऐकलंस ना? मग तू उत्तरेचा हेर. मारलं, झोपू दिलं नाही, वाटेल ते लिहून घेतलं आणि कम्युनिस्टविरोधी कायद्याखाली शिक्षा ठोकल्या. सुटल्यावर आयुष्यभर पोलीस मागं. पोरांना नोकऱ्या नाहीत, कारण बाप लाल. घ्या, उत्तरेत सोंगबुन आणि दक्षिणेतही सोंगबुन, फक्त त्याला नाव ठेवलेलं नव्हतं. २०२३ साली दक्षिणेच्या सरकारी वकिलांच्या सर्वांत वरच्या कचेरीनं सांगितलं की या लोकांपैकी १०० जणांचे खटले पुन्हा चालवा. चोपन्न वर्षांनी! त्यांतले किती तरी तोवर मेलेले. निर्दोष म्हणून कागद आला तो पोरांच्या हातात, नाहीतर नातवांच्या.

हे मच्छीमार कुणाचे एजंट होते, दोस्तांनो? ते माशांचे एजंट होते. भांडवलशाहीनं त्यांना हेर म्हटलं, साम्यवाद्यांनी त्यांना प्रदर्शनातलं गिऱ्हाईक केलं. आमच्यातले काही मित्र लाल झेंडा दिसला की डोळे मिटतात, काही अमेरिकेचं नाव निघालं की डोळे मिटतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघा. कामगाराचं नाव घेऊन कामगाराला दारात अडवणारं राज्य मला नको, आणि स्वातंत्र्याचं नाव घेऊन बोटीवरच्या माणसाची हाडं मोडणारं राज्यही नको.

राहतोस की जातोस, हा प्रश्न कोरियात याआधी तंबूत बसून विचारला गेला होता, आणि तंबू राखायला आपली फौज होती. हे आपल्याकडे कुणी शाळेत सांगत नाही. १९५३ साली युद्धकैदी परत करायची वेळ आली तेव्हा चीन आणि उत्तर कोरियाचे सुमारे २२,६०० कैदी म्हणाले आम्हाला परत जायचं नाही. पलीकडे दक्षिण कोरियाचे ३३५, अमेरिकेचे २३ आणि एक इंग्रज हेही म्हणाले आम्ही परत जात नाही. मग मधल्या पट्ट्यात तळ ठोकून त्यांना भारताच्या ताब्यात दिलं. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. एकेका कैद्याला तंबूत आणायचं. त्याच्या मुलखाचा माणूस समोर बसून समजूत घालणार, ये बाबा घरी. तंबूला बाहेर जायची दारं दोन. एका दारानं गेलास तर मायदेशी, दुसऱ्यानं गेलास तर परत छावणीत. छावण्यांमध्ये आतल्या आत दादागिरी होती, परत जातो म्हणणाऱ्याला कैद्यांच्याच टोळ्या मारत, काहींचे मुडदे पडले. दारं दोन असली तरी छावणीत मानेवर सुरी ठेवणारा बसलेला असला तर कसली निवड.

८८ कैदी असे निघाले की त्यांना दोन्ही बाजू नको होत्या. उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको. फेब्रुवारी १९५४ मध्ये आपल्या फौजेबरोबर ते बोटीनं मद्रासला उतरले. पुढं बरेचसे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, थोडे इथंच राहिले. या अठ्ठ्याऐंशी जणांचं मला फार वाटतं. दोन्ही झेंडे नाकारून, ज्या देशाचं नावही धड माहीत नाही तिथं उतरले. कविता कुणावर लिहायची म्हणून आपण रडतो, आणि असली माणसं मद्रासच्या धक्क्यावर उतरून गेली.

आणि ते २३ अमेरिकन. दोघांचं मन बदललं, २१ चीनला गेले. त्यांत तीन काळे. त्यांतला क्लॅरेन्स ॲडम्स टेनेसी राज्यातल्या मेम्फिसचा. १९५० च्या अखेरीला पकडला गेला. तो काळ्यांच्या तोफखान्यात होता, आणि गोऱ्यांच्या पलटणी मागं हटताना आम्हाला पुढं सोडलं असं त्याचं म्हणणं होतं. मेम्फिसमध्ये कुठल्या नळाला तोंड लावायचं, बसमध्ये कुठं बसायचं, ते चामडी बघून ठरत होतं. अमेरिकेतल्या पेपरांनी विचारलं, या पोरांचं डोकं कुणी धुतलं? ॲडम्सचं म्हणणं साधं होतं. तिकडं माणूस म्हणून जगता येईल असं वाटलं म्हणून गेलो. चीननं त्याला कॉलेजात घातलं, तिथं तो शिकला, भाषांतराचं काम केलं, चिनी बाईशी लग्न केलं, पोरं झाली. मग १९६६ साली तो बायकापोरांना घेऊन परत मेम्फिसला आला. आई तिथं होती. आल्यावर संसदेच्या समितीनं चौकशीला बोलावलं. देशद्रोही म्हणून बोटं दाखवली, काम मिळेना. शेवटी चिनी जेवणाचं हॉटेल काढून पोट भरलं. १९९९ साली तो गेला.

हा माणूस मी पुन्हा पुन्हा वाचला. गेला तेव्हा खरा होता, परत आला तेव्हाही खरा होता. ज्या देशात तुम्हाला नळाला तोंड लावू देत नाहीत तो देश सोडलात तर द्रोह कुणी केला? बाबासाहेबांनी १४ ऑगस्ट १९३१ ला मुंबईत मणिभवनात गांधींना तोंडावर सांगितलं की मला मायभूमी नाही. तो त्रागा नव्हता, हिशोब होता. कुत्र्यामांजरापेक्षा हलकं वागवणाऱ्या भूमीला माझी म्हणायचं कसं, हा हिशोब. आणि हा हिशोब मांडणारा माणूस न्यूयॉर्कहून, लंडनहून शिकून परत इथंच आला होता. म्हणून मागच्या बैठकीत जे गद्दारी गद्दारी ओरडले त्यांना सांगतो, हा शब्द आपल्या तोंडात शोभत नाही. तो शब्द पाणी बंद करणाऱ्यांचा आहे.

तुम्ही म्हणाल हे सगळं कोरियाचं. आपल्या समुद्रात काय? आपल्याकडे कच्छजवळ सर क्रीकच्या तोंडाशी भारत आणि पाकिस्तान यांची समुद्रातली रेषा ठरलेली नाही. गुजरातच्या ट्रॉलरांवर आपल्या पालघरचे, डहाणू तलासरीकडचे आदिवासी खलाशी म्हणून जातात. मालक घरी, खलाशी पाण्यात. पलीकडची बोट येते, माणसं कराचीच्या तुरुंगात, ट्रॉलर जप्त. आपलेही त्यांचे पकडतात, तेही तितकेच गरीब. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही सरकारं एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. १ जानेवारी २०२५ च्या याद्यांत आपले २१७ मच्छीमार तिकडे होते आणि त्यांचे ८१ इकडे. इथं नवं आयुष्य कुणी देत नाही. शिक्षा संपली तरी हा खरंच आमचा का, हे त्याच्या देशानं कळवेपर्यंत तो आतच. घरी बाई कुणाच्या तरी शेतावर मजुरी करते आणि तारीख मोजते. कोरियाच्या माणसाला दोघं ओढतात, आपल्या माणसाला दोघंही ढकलतात. त्यातलं बरं कुठलं ते मला ठरवता येत नाही.

आणि कोरियातली ओढसुद्धा नेहमीची नाही बरं का. नोव्हेंबर २०१९ मध्ये दोन उत्तर कोरियन मच्छीमार दक्षिणेनं समुद्रात धरले. बोटीवरच्या सोळा जणांचा त्यांनी खून केला असा आरोप. आम्हाला राहायचंय असं त्यांनी लिहून दिलं. पाच दिवसांत, कुठलाही खटला न चालवता, डोळ्यांवर पट्टी बांधून पानमुनजोमला नेलं आणि रेषेपलीकडे सोपवलं. २०२२ साली त्याचे फोटो बाहेर आले. त्यात एक जण अंग टाकून देतोय आणि माणसं त्याला ओढताहेत. खून केला असेल तर खटला चालवा, पण नागरिक सगळे, म्हणणाऱ्या घटनेचं त्या दिवशी काय झालं होतं? आणि सप्टेंबर २०२० मध्ये दक्षिणेच्या मासेमारी खात्याचा एक माणूस त्याच पश्चिम समुद्रात तरंगत उत्तरेकडे गेला, तर उत्तरेच्या सैनिकांनी त्याला पाण्यातच गोळ्या घातल्या. पाणी तेच. कुणाला देश मिळतो, कुणाला पट्टी, कुणाला गोळी. त्या दिवशी वर बसलेल्यांना काय सोयीचं असेल तसं.

शेवटचं सांगतो आणि बसतो, कारण रात्रपाळीवाल्यांना निघायचं आहे. मार्च २०२५ मध्ये दोन उत्तर कोरियन माणसं पश्चिम समुद्रात वाहवत दक्षिणेत आली. मे महिन्यात पूर्वेच्या समुद्रात आणखी चार. सहाही जण पहिल्यापासून म्हणत होते, आम्हाला घरी जायचंय. दक्षिणेनंही या वेळी अडवलं नाही. पण पाठवायचं कसं? उत्तरेनं एप्रिल २०२३ पासून दोन सरकारांमधला फोन उचलायचं बंद केलेलं. मग संयुक्त राष्ट्रांच्या फौजेकडच्या दुसऱ्या फोनवरून निरोप दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. उत्तर नाही. पश्चिमेकडची बोट मोडकी होती, म्हणून सहाही जणांना पूर्वेकडच्या बोटीत बसवलं आणि ९ जुलैला सकाळी नऊच्या सुमाराला ती स्वतःच्या इंजिनावर रेषेपलीकडे गेली. हो म्हणून कुणी कळवलं नव्हतं. तरी पलीकडे उत्तरेच्या बोटी येऊन थांबलेल्या होत्या.

पहिले दोघे घरापासून चार महिने लांब राहिले. मधे फक्त एक फोन होता.

जय भीम.